सहदेव आजाचा कोमट बोअर

झुंजखेडची जमीन त्या हिवाळ्यात गुरगुरायला लागली. जेवता जेवता वरणाची वाटी थरथरायची, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं आणि पाताळातून कुणी भरलेली बैलगाडी ओढत नेल्यासारखा आवाज यायचा. मग सगळं शांत. कुत्री तेवढी भुंकत राहायची. सुरुवातीला लोक घराबाहेर पळाले. मग उंबऱ्यापर्यंतच येऊ लागले, आणि पुढे पुढे ताटावरून उठेनासेच झाले. माणसाला भीतीचीसुद्धा सवय होते, आणि ही सवय फार वाईट.

झुंजखेड शेंदूरजनाघाटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. चहूकडे संत्र्याचे बगिचे आणि मधोमध काळ्या गोट्यांची घरं. गोटा म्हणजे इकडे दगड. वावरात नांगर घातला की तो फुकटात निघतो. जुन्या लोकांनी तो उचलला, चिखलात बसवला, हातभर जाडीच्या भिंती रचल्या आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, टाकली. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्या घरांचा गावाला केवढा अभिमान! आत लोखंड नाही की सिमेंट नाही, सगळा भरवसा चिखलावर. पण जे वर्षानुवर्षं उभं आहे ते पडेल कसं, असं सगळ्यांनाच वाटतं.

अशाच एका घरात खुशी राहायची. सातवीतली, बडबडी, वर्गात हात सगळ्यात आधी वर करणारी पोरगी. घरात बाबा मनोज आणि आई रागिणी. आजोबा सहदेव मात्र घरात राहत नसत. आजी गेल्यापासून त्यांनी बगिच्यातच टिनाची, म्हणजे पत्र्याची, खोली ठोकली होती. चार लाकडी खांब, चारी बाजूंनी टिन, वर टिन, आत एक खाट. "घरात मले झोप येत नाई, झाडाईजोळ येते," म्हणायचे. खुशी त्यांना आबाजी म्हणायची. शाळा सुटली की दप्तर फेकून आधी बगिच्यात पळायची, कारण तिची बडबड न कंटाळता ऐकणारं जगात एकच माणूस होतं.

आबाजींचा बोअर गावात सगळ्यात खोल. इकडे पाणी फार खाली गेलंय, त्यामुळे खोल खोल खणत जाण्याची शर्यतच लागलेली. या बोअरचं पाणी पहिल्या दिवसापासून कोमट यायचं. थंडीच्या सकाळी हौदावर वाफ दिसायची. निम्मं गाव तिथे अंघोळीला यायचं, बायका धुणं आणायच्या आणि पोरं पाण्यात हात घालून शेकायची. कुणाला कधी त्यात काही वावगं दिसलं नाही.

जमीन गुरगुरायला लागली तेव्हा शाळेतल्या प्रणाली मॅडमनी गणित बाजूला ठेवलं. मॅडम वरुडहून स्कूटीवर येत. त्यांनी टेबलावर एक संत्रं ठेवलं, साल काढली आणि तिचे तुकडे परत फोडींवर जिथल्या तिथे बसवले.

"ही पृथ्वी," मॅडम म्हणाल्या. "वरची साल अखंड नाहीये. तिचे तुकडे आहेत, मोठे मोठे. त्यांना प्लेट म्हणतात. आपला भारत अशा एका तुकड्यावर बसलाय, आणि तो तुकडा सारखा उत्तरेकडे सरकतोय. किती जोरात? तुमची नखं वाढतात ना, साधारण तेवढ्या जोरात."

पोरांनी आपापली नखं बघितली.

मॅडमनी सालीचे दोन तुकडे एकमेकांवर रेटले. कडा वर उचलल्या गेल्या. "हा हिमालय. दोन प्लेट एकमेकींवर आदळतात, अडकतात, रेटा साठत जातो आणि एक दिवस खडक सटकतो. त्या सटकण्याचा धक्का म्हणजे भूकंप. काही ठिकाणी एक प्लेट दुसरीखाली घुसते, खोल गेल्यावर तिथला खडक वितळतो आणि तो वर आला की ज्वालामुखी. काही ठिकाणी दोन प्लेट एकमेकींपासून लांब जातात, तिथल्या फटीतूनही तो वर येतो. म्हणून जगातले बहुतेक भूकंप आणि बहुतेक ज्वालामुखी या कडांवरच सापडतात."

"मॅडम, आपण कडेवर हावो का?" खुशीने विचारलं.

"नाही. आपण पार मधे आहोत. पण कडेवर एवढा रेटा बसला की मधेही जाणवतो. मधल्या भागात जुन्या भेगा असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी अशीच एक फार जुनी भेग आहे. ती कधीमधी जराशी सरकते. सध्या तेच चाललंय."

मग मॅडमनी खिडकीबाहेरच्या काळ्या गोट्याकडे बोट केलं आणि तो एके काळी वितळलेला, वाहणारा लाव्हा होता असं सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली होती. थरावर थर साचले, त्यांचा दगड झाला आणि दगडाची झिजून काळी माती झाली. "ज्या गरम जागेमुळे हे झालं ती जागा खालीच राहिली, आणि आपली प्लेट तिच्यावरून पुढे निघून आली. चुलीवरून तवा सरकवला तर तवा गार होतो, चूल तिथेच राहते. तसं. ती चूल आता इथून हजारो किलोमीटर लांब, समुद्रात आहे. आपला तवा केव्हाच गार झालाय."

वर्ग सुटायच्या आधी मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. "भूकंप स्वतः माणसाला फारसा मारत नाही. आपण बांधलेलं घर अंगावर पडतं, ते मारतं. आपली गोट्याची घरं आहेत. घरी सांगा, काही दिवस अंगणात झोपा, नाहीतर टिनाखाली. भिंतीला पाठ लावून बसू नका."

खुशीने हे सगळं डोक्यात पक्कं बसवलं. तिची स्मरणशक्ती चांगली होती. तिचं दुखणं वेगळंच होतं, तिला टाळ्या फार आवडायच्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांची भाषणं असतात. अख्खं गाव शाळेच्या मैदानात बसलेलं. व्यासपीठावर पुंजाराम पाहुणे म्हणून. पुंजाराम गावातला जाणता माणूस, भांडण मिटवायचं असो की सोयरीक जुळवायची, त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. खुशीने माइक धरला आणि सुरुवातच अशी केली, "आज आपण सगळे जिथे बसलो आहोत, ती जमीन ज्वालामुखीने बनवलेली आहे!"

मागे गप्पा मारणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. आता तुम्हीच सांगा, एवढी माणसं तोंडाकडे बघत असताना बारा वर्षांच्या पोरीने काय करावं? खुशीने ज्वालामुखी रंगवायला घेतला. जमीन कशी फाटली, आगीचे लोट कसे उठले, जंगलं कशी जळाली, लाल रस डोंगरावरून कसा धावत आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. खुशी फुलत गेली. गार तवा, लांब राहिलेली चूल, गोट्याच्या भिंती, हे सगळं तिने शेवटासाठी ठेवलं होतं. पण तेवढ्यात जिलेबीची पातेली आली, पोरं उठली, पुंजारामने घड्याळ बघून "शाब्बास पोरी" म्हटलं आणि माइक पुढच्या मुलाच्या हातात गेला. टाळ्या मात्र त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या.

"अर्धंच झालं गं तुझं," मॅडम हसून म्हणाल्या. "उरलेलं मी आल्यावर परिपाठाला सांग." दुसऱ्या दिवशी मॅडम ट्रेनिंगसाठी अमरावतीला गेल्या. राजापेठेत बहिणीकडे राहणार होत्या.

त्याच सकाळी थंडी कडाक्याची पडली होती आणि रात्री जमीन दोनदा गुरगुरून गेली होती. शेजारची बेबीताई धुण्याचं बोचकं घेऊन आबाजींच्या हौदावर गेली. हौदावर वाफेचा पांढरा ढग. बेबीताईने तो ढग दर हिवाळ्यात बघितला होता, त्यातच उभं राहून धुणं धुतलं होतं. पण आज तिच्या डोक्यात खुशीचा लाल रस होता. बोचकं तिथेच टाकून ती ओरडत गावात आली, "धावा वो! सहदेवबुवाचं पाणी उकयून राहिलं! खालून आग येऊन राहिली!"

दुपारपर्यंत गावाच्या तोंडचं पाणी पळालं. हौदाभोवती माणसं जमली. कुणी म्हणे पाण्याला गंधकाचा वास येतो, कुणी म्हणे जमिनीला कान लावला तर उकळी ऐकू येते. पुंजारामने दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"खुशीनं सांगतलं ना काल? खाली ज्वालामुखीचा गोटा हाये. सहदेवचा बोर सगयात खोल. तो जाऊन त्याच्यावरच टेकला. सहदेव, मोटर बंद कर अन् गावात चाल."

आबाजी बांधावर बसून होते. ते उठले नाहीत. "पुंजाराम, तू दरसाल इथीच आंगोय करतं. तवा नाई भेला तू?"

"तवा जमीन गुरगुरत नोती."

"पाणी खोल गेलं का गरमच लागते. मी मोटर बंद करत नाई. झाडाईले दीड महिना ताण देला, तहानेले ठेवलं, आता पाणी देयाची येळ आली. आता नाई देलं त आंबियाचा फूल येत नाई. वर्ष जाते."

संत्र्याच्या आंबिया बहाराचं असंच असतं. हिवाळ्यात झाडाला मुद्दाम पाण्यावाचून ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि मग नेमक्या वेळी भरपूर पाणी सोडायचं. झाड घाबरल्यासारखं अंगभर फुलतं. ती वेळ चुकली की झाड ऐकत नाही. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. पण भेदरलेल्या माणसाला दुसऱ्याचं शहाणपण आगाऊपणा वाटतं. लोक आबाजींवर चिडले आणि आबाजींपुढे काही चालत नाही म्हटल्यावर मनोजच्या मागे लागले. म्हातारा आगीत जाईल तेव्हा गाव तुला विचारेल, असं पुंजारामने त्याला चारचौघांत सुनावलं.

खुशी घरी आली तेव्हा आई रडत होती. बाबा ओसरीत येरझाऱ्या घालत होते. खुशीने मॅडमना फोन लावला, तो बंद होता.

"बाबा," ती म्हणाली, "ते पाणी पह्यलेपासूनच कोमट हाये. ज्वालामुखी इथी होऊच शकत नाई. मॅडम म्हणे का खरं भेव त आपल्या घराच्या—"

"तू गप राय!" मनोज ओरडला. तो कधी ओरडत नसे. "तुयाच बोलन्यानं गाव पेटलं. आता आणखी शायपना नको शिकवू. बुढा मायं आयकत नाई, तुयं आयकते. जाय अन् घेऊन ये त्याले घरी."

आपली चूक कुठे होती हे खुशीला कळत होतं, आणि ती चूक सगळ्या गावासमोर झाली होती. ती निघाली. वाटेवर तिने ठरवलं की आबाजींना सगळं नीट सांगायचं, तवा, चूल, सगळं, आणि म्हणायचं, इथेच राहा, टिनाखालीच बरे आहात.

पण बगिच्यात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं, गारवा परत आला होता आणि हौदावर वाफ धरायला लागली होती. मोटर चालू होती. पाइपातून पाणी धबाधबा पडत होतं, त्यातून पांढरे लोट निघत होते. आणि नेमकं तेव्हाच खालून गुरगुर झाली. खुशीला सगळं पाठ होतं, पण पाठ असणं आणि पायाखालची जमीन हलत असताना त्यावर विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या एवढ्या मोठ्या माणसांना जे वाटतं ते खोटं आणि आपण खरे, असं म्हणायला छाती लागते. त्या घडीला तिची छाती कमी पडली.

आबाजी झाडांकडे जाणारा पाण्याचा दांड वळवत होते. तिला बघून फावडं टेकवून उभे राहिले. "बापानं पाठोलं?"

"हो."

"सारे येडे झाले. तू त शायेत शिकतं. तुले काय वाटते, खरं सांग. आग हाये खाली?"

खुशीच्या ओठावर आलं होतं. नाही, आबाजी, काही नाही खाली. एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण आबाजींनी तिला काय वाटतं हे विचारलं होतं आणि तिने खरं तेच सांगितलं. "मले भेव वाटून राहिलं, आबाजी."

आबाजींनी तिच्याकडे बघितलं. वाद घातला नाही, समजूत घातली नाही. जाऊन मोटर बंद केली, खाटेवरचं ब्लँकेट काखेत मारलं. "तुले भेव वाटते त मंग चाल," म्हणाले. गावाने दिवसभर डोकं फोडून जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं.

घरी आल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुंजाराम स्वतः येऊन बसून गेला, दोघांनी चहा घेतला, आबाजींनी त्याला दोन टोमणे मारले आणि भांडण मिटलं. आईने मागच्या खोलीत आबाजींची खाट टाकली, भिंतीला लागून, कारण तिथे वारा लागत नाही. भिंतीच्या सांध्यांमधून बारीक माती गळत होती. गुरगुर झाली की जरा जास्त गळायची. आबाजींच्या उशाशी तिचा छोटा ढीग झाला होता. आईने तो केरसुणीने झाडून टाकला. रात्री परत झाला, तो खुशीने झाडला. झाडताना तिचा हात थांबला. तिने वर बघितलं. गोटे काळे, मोठे, एकमेकांवर कसेबसे टेकलेले. "भिंतीला पाठ लावून बसू नका." तिने बाबांकडे बघितलं, बाबांच्या चेहऱ्यावरचा राग अजून उतरला नव्हता. ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. खुशी अंगणात ताटं घासत होती. ऊन छान पडलं होतं. आबाजी आत खाटेवर पडले होते आणि झाडांचं काय होत असेल ते आईला तिसऱ्यांदा विचारत होते. आई हसत हसत ताक आणायला शेजारी बेबीताईकडे गेली.

"आबाजी, उन्हात या ना इकडे," खुशीने हाक मारली.

"आलोच," आतून आवाज आला.

या वेळी गुरगुर झाली नाही. खालून एक धक्का आला, कुणी जमिनीला लाथ मारावी तसा, आणि मग सगळं आडवं हललं. ताटं खणखणत लांब गेली. खुशी बसल्या जागी पडली. कवेलू सटासट खाली आले. तिने उठायचा प्रयत्न केला तेव्हा मागची भिंत आतल्या बाजूला वाकताना तिला दिसली. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज भिंतीचा झाला. मग धूळ. पिवळी, दाट, नाकातोंडात जाणारी धूळ, आणि तिच्यात काही दिसेना.

सगळा प्रकार दोन श्वासांत संपला होता.

माणसं धावली. सगळ्यात आधी पुंजाराम आला आणि नुसत्या हातांनी गोटे उचलायला लागला. मनोज बगिच्याकडून पळत आला. काही गोटे तर दोघांतिघांनाही उचलवत नव्हते. आईने खुशीला घट्ट धरून ठेवलं होतं, खुशी तिच्या हातांना चावत होती. पुंजारामची बोटं रक्ताने भरली तरी तो थांबला नाही, "सहदेव, बोल रे, काहीतरी बोल रे," असं म्हणत राहिला. सहदेव बोलले नाहीत. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे पाय खाटेखाली, चपलांवर होते. ते उठून बाहेर यायलाच निघाले होते.

गावात आणखी सात-आठ भिंती पडल्या. एक वासरू गेलं. माणूस एकच गेला.

पुढे जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. गाड्या आल्या, साहेब आले. शाळेच्या मागे जमिनीत हादरे मोजायचं यंत्र पुरलं. एका साहेबांनी बोअरच्या पाण्यात तापमान मोजायची नळी सोडली आणि इतक्या खोलीवर पाणी असंच कोमट असतं, जगात कुठेही असतं, इथे ज्वालामुखी नाही आणि होणार नाही, असं सांगितलं. माणसं माना खाली घालून ऐकत होती. बगिच्यातल्या टिनाच्या खोलीला ओरखडाही आला नव्हता. खांब सरळ होते, टिन सरळ होतं. आत जाऊन आलेल्या लोकांनी ते एकमेकांना हळू आवाजात सांगितलं आणि खुशी जवळ आली की विषय बदलला. प्रणाली मॅडम अमरावतीहून तडक आल्या. त्यांनी खुशीला कुशीत घेतलं.

खुशीला रडू येत नव्हतं. ती जेवत होती, झोपत होती, बोलावलं की जात होती. पण आतून ती दिवसभर एकच हिशेब मांडत होती. जिलेबी उशिरा आली असती तर. फोन लागला असता तर. "नाही, आबाजी" म्हटलं असतं तर. प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं, आबाजी टिनाखाली खाटेवर बसलेले आणि झाडं फुललेली.

तेराव्याच्या दिवशी पाव्हणेरावळे जमले. भातकुलीहून आत्या जयवंता आली होती, गावातली माणसं होती. मागची भिंत पडली होती, पण समोरची, अंगणाकडची भिंत उभी होती. सकाळची वेळ, बोचरा वारा. भिंतीवर ऊन पडून ती ऊबदार झालेली. बाबांनी तिच्या कडेला सतरंजी अंथरली आणि माणसं ओळीने बसली, भिंतीला पाठ लावून, हिवाळ्यात सगळेच बसतात तशी. मधे पुंजाराम, दोन्ही हातांना पट्ट्या.

खुशी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. ओळीच्या डोक्यावर काळे गोटे होते. सांध्यांतून माती गळत होती. पुंजारामच्या पांढऱ्या टोपीवर ती पडली होती, आणि त्याने हाताने सहज झटकली.

ग्लास तिच्या हातातून पडले.

"उठा!" ती ओरडली. "उठा तिथून! सारे उठा! काहून बसले तिथी? काहून बसले?"

बायका धावल्या. "पोरीच्या मनावर झालं," कुणीतरी म्हणालं. आत्याने तिला जवळ ओढलं. पुंजाराम हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, काई नाई होत. भिंत त उभीच हाये ना."

"तेबी उभीच होती!" खुशीने आत्याचा हात झटकला. "मीच आणलं आबाजीले! टिनात होते ते. मले सारं मालूम होतं. घर पडते हे मले मालूम होतं, मॅडमनं सांगतलं होतं, अन् मी नाई बोलली. मीच आणलं!"

आई दारात उभी होती, तिने तोंडावर हात घेतला. मग मनोज उठला. सगळ्यांच्या देखत तो पोरीसमोर येऊन गुडघ्यावर बसला.

"तू बोलत होती," तो म्हणाला. "मीच तुले गप बस म्हणलं. तू नाई आणलं त्याले. मी पाठोलं तुले."

उठून त्याने सतरंजीचं एक टोक धरलं आणि ओढलं. तिच्यावर बसलेली माणसं उठली. पुंजाराम शेवटी राहिला, दुखऱ्या हातांवर जोर देऊन उठता येईना. खुशीने त्याला कोपराशी धरून उठवलं. सतरंजी अंगणाच्या मधोमध, वाऱ्यात अंथरली गेली, आणि ती सगळी माणसं तिथे कुडकुडत, पदर-उपरणी लपेटून बसली. आता खुशी रडली, मोठ्याने, आईच्या मांडीवर डोकं घालून, कितीतरी वेळ.

पाव्हणे गेल्यावर मनोजने सब्बल, म्हणजे पहार, काढली. रागिणीने विचारलं, "आता काहाले? अन् राहाचं कुठी आपण?"

"बगिच्यात. टिनात."

तो शिडीवरून भिंतीच्या वरच्या थराला भिडला. पहिला गोटा सैल केला आणि अंगणात सोडला. जमीन हादरली. खुशी लांब उभी होती, डोळे सुजलेले. "बाबा, त्या बाजूनं नोका राहू," ती म्हणाली, "तिकडे झुकली हाये ते. इकडून काढा."

मनोज शिडी उचलून तिने दाखवलेल्या बाजूला आला. दुसरा गोटा सैल केला आणि तो सोडायच्या आधी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, तेव्हाच त्याने तो सोडला. अंधार पडेपर्यंत बाप-लेकीचं हेच चाललं होतं. एकही गोटा त्याने तिला विचारल्याशिवाय काढला नाही.